अर्ध्यावरचा घोडा

मी बंदुका दुरुस्त करतो असं पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा आधी चमकतो, मग मला नीट न्याहाळतो आणि विचारतो, "पण तुम्ही तर गाड्यांच्या लाइनमध्ये होतात ना?" होतो. डेट्रॉइटला लागून ट्रॉय आहे, तिथे राहून मी चोवीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गाड्यांच्या भागांचे साचे बनवले. मग एक दिवस कारखाना बंद झाला आणि मी पंचावन्नाव्या वर्षी घरी बसलो. घरी बसलेला टूलरूमचा माणूस काय करतो? मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावतो, पोळपाटाचा डुगडुगणारा पाय घासून सरळ करतो, फोडणी किती वेळात झाली ते सांगतो. तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, प्लीज, कुठेतरी जॉब शोधा. नाहीतर मी तरी दुसरं घर शोधते."

शोधला. गावापासून पाऊण तासावर, मक्याच्या शेतांतून जाणाऱ्या रस्त्याला, एका म्हाताऱ्याचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि हात थरथरायला लागले होते. त्याने मला एक गंजलेला स्क्रू दिला आणि म्हणाला, असाच दुसरा बनव. मी कानशीने बनवला. त्याने दोन्ही स्क्रू खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बोटांनी चाचपले आणि सोमवारपासून ये म्हणाला.

शिकारीत मला काडीचा रस नव्हता. मी अंडंसुद्धा बायको भारतात गेली की खातो. पण त्या दुकानात ज्या बंदुका यायच्या, त्यांतल्या एका जातीवर माझा जीव जडला, हे खोटं कशाला बोलू. लिव्हरच्या रायफली. चापाभोवती एक लोखंडी कडी असते, तीच लिव्हर. तिच्यात बोटं घालून ती खाली ओढायची आणि परत वर आणायची. तेवढ्यात रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची ही रचना. त्यानंतर कितीतरी सुधारलेल्या बंदुका आल्या, पण मिशिगनच्या जंगलात जाणाऱ्या माणसाला फिरून फिरून हीच हवी असते. जंगल दाट, हरीण दिसतं ते चाळीस-पन्नास पावलांवर, तिथे लांबच्या नेमाचं कौतुक काय कामाचं? ही चपटी, हलकी, मध्यावर एका हाताने धरली की तोलून राहते. आणि मुख्य म्हणजे आजोबांची असते. गेल्या काही वर्षांत तर तिची लाटच आली आहे. नव्या रायफलीसाठी लोक महिनोन्‌महिने नंबर लावून बसतात, म्हणून मग जुन्या शोधल्या जातात. आपल्याकडे एकेकाळी मोडीत घातलेली पितळी भांडी आता लोक कल्हई करून परत मांडणीवर ठेवतात ना, तसंच हे. कपाटाच्या तळातून, गोधडीत गुंडाळलेल्या, दोन पिढ्यांचा गंज खाल्लेल्या रायफली आमच्या दुकानात यायच्या आणि मालक त्या न बघताच माझ्या बाकाकडे सरकवायचा.

पुढची गोष्ट कळायला त्या रायफलीतली एकच गोष्ट समजून घ्यावी लागेल. तिच्या पाठीवर, अंगठा सहज पोचेल अशा जागी, एक घोडा असतो. चाप ओढला की हा घोडा पुढे आदळतो आणि गोळी सुटते. घोडा मागे ओढताना दोनदा आवाज होतो. पहिली 'टक' झाली की घोडा अर्ध्यावर. दुसरी झाली की पूर्ण मागे, म्हणजे गोळी सुटायला तयार. घोडा अर्ध्यावर असताना चापाला बोट लागलं, रायफल आपटली, तरी तो पुढे जाता कामा नये. त्याच्या बुडाला नखाएवढी एक खाच असते, ती त्याला धरून ठेवते. जुन्या रायफलींना याखेरीज दुसरं कुलूप नाही. नळीत काडतूस भरून दिवसभर जंगलात हिंडणारा माणूस त्या नखाएवढ्या खाचेच्या भरवशावर हिंडत असतो. ती खाच तपासणं हे माझं काम होतं.

आता दुसरी बाजू. मी काम शिकलो ते पिंपरीच्या एका टूलरूममध्ये. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिथे सकाळपासून मशिनी धुऊन पुसून निघायच्या. कानशी, पाने, हातोडे, मायक्रोमीटर, सगळं पांढऱ्या फडक्यावर मांडायचं. हळद, कुंकू, झेंडू, नारळ, पेढे. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी मी पूजेनंतर एक कानस उचलली, उगाचच, खिशातल्या किल्लीची कड घासायला. आमच्या मेस्त्रींनी सगळ्यांदेखत माझ्या हातावर फटका मारला. "वर्षभर राबवतोस तिला. एक दिवस झोपू दे की!" मी देवभोळा नाही. संकष्टी कधी येते आणि कधी जाते हे मला बायकोच्या खिचडीवरून कळतं. पण मेस्त्रींचं ते वाक्य हाताला बसलं ते बसलंच. अमेरिकेत आल्यावरही मी दर नवमीला गॅरेजमध्ये माझी हत्यारं मांडत आलो.

मांडत आलो, पण चोरून. मुलगी तिसरीत असताना तिने वर्गात सांगितलं होतं, "माय डॅड्स टूल्स हॅव अ बर्थडे टुडे." तिच्या बाईंनी हौसेने कार्ड पाठवलं, हत्यारांना वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हे सगळं शाळेत कशाला सांगायचं?" असं मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "बट व्हाय नॉट, बाबा?" त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाच शोधायला हवं होतं.

ती नवमी तीन वर्षांपूर्वीची. मालक मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलेला, दुकानात मी एकटा. त्यामुळे मला चेव आला. गॅरेजात करतो ते या वर्षी बाकावरच करावं, असं वाटलं. थिनरचे डबे आधी मागच्या खोलीत नेऊन ठेवले. पूजा करतो म्हणजे अक्कल गहाण टाकलेली नाही. मग फडकं अंथरलं, माझे सगळे स्क्रूड्रायव्हर, कानशी, चिमटे ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं, ट्रॉयच्या ग्रोसरीतून आणलेला झेंडू ठेवला आणि दोन उदबत्त्या लावल्या. फार छान दिसत होतं. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

मी काय केलं असेल? शेजारचा मोठा टॉवेल ओढला आणि सगळ्या पूजेवर टाकला. अचानक पाहुणे आले की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो, तसा.

आत आला तो सत्तरी ओलांडलेला, उंच, जरासा वाकलेला माणूस. आमचं जुनं गिऱ्हाईक, मालकाचा दोस्त. मी त्याला दोन-तीनदा पाहिलं होतं. हातात त्याच्या वडिलांची लिव्हरची रायफल. तिच्या लाकडी दस्त्यावरचं पॉलिश त्याच्या गालापाशी येणाऱ्या जागी पार झिजून गेलं होतं.

"घोडा कधीकधी अर्ध्यावर थांबत नाही असं वाटतंय," तो म्हणाला. "का माझा अंगठाच म्हातारा झालाय, कुणास ठाऊक."

मी रायफल घेतली. लिव्हर दोनदा चालवली, नळीत करंगळी घालून ती रिकामी असल्याची खात्री केली. मग घोडा अर्ध्यावर आणला आणि अंगठ्याने पुढे दाबला. थांबला. पुन्हा केलं, थांबला. तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा तो निसटला. अंगठ्याखालून काहीतरी बारीकसं सरकलं आणि घोडा पुढे गेला. तो माणूस त्या वेळी भिंतीवरची शिंगं बघत होता. त्याला काही दिसलं नाही. मला मात्र कळलं होतं.

"उद्या पहाटे निघतोय मी," तो सांगत होता. "वर उत्तरेला, जंगलात, आमची केबिन आहे. लाकडं फोडायची, छपराचं बघायचं, मग शिकारीचा सीझन. परत येईन तो नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंग झाल्यावरच. आज होईल का हे?"

उघडून बघायचं काम दहा मिनिटांचं होतं. त्यासाठी लागणारा स्क्रूड्रायव्हर टॉवेलखाली होता आणि त्याच्या मुठीवर कुंकू होतं.

मला टॉवेल काढून तो उचलता आला असता. मेस्त्री काही पिंपरीहून फटका मारायला येणार नव्हते. किंवा सरळ सांगता आलं असतं, की आज आमच्याकडे हत्यारं उचलत नाहीत, रायफल ठेवून जा. अगदीच काही नाही तर एवढं तरी, की ही दुरुस्त होईपर्यंत नळीत काडतूस ठेवून फिरू नका. हे वाक्य माझ्या जिभेवर आलंसुद्धा होतं. पण ते बोललो असतो तर तो म्हणाला असता, मग आत्ताच उघडून बघ ना. मग टॉवेल काढावा लागला असता. मग झेंडू, कुंकू, आणि एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसाला समजावत बसणं, की आम्ही स्क्रूड्रायव्हरला नमस्कार का करतो.

"मळ साचलाय आत," मी म्हणालो. "तेल सुकलंय. विशेष काही नाही. सीझन झाल्यावर आणा, सावकाश बघू."

"तोवर चालेल म्हणतोस?"

"चालेल."

त्याने रायफल खोळीत घातली. दाराशी थांबून त्याने नाक वर करून हुंगलं. "कसला रे हा वास? छान आहे."

"क्लीनरचा," मी म्हणालो.

तो हसला, टोपीला बोट लावलं आणि गेला. मी टॉवेल काढला. खाली एक उदबत्ती मोडून विझली होती आणि फडक्याला एक बारीक भोक पडलं होतं.

सीझन सुरू झाल्यावर आठवड्याभराने एक गिऱ्हाईक वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आलं. उत्तरेकडच्या जंगलात, केबिनपासून थोड्याच अंतरावर, आडवा पडलेला ओंडका ओलांडताना त्या माणसाचा पाय घसरला. रायफल हातातून सुटून आपटली. गोळी मांडीत लागली. शेजारच्या केबिनवाल्याला तो सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. मालकाने ते कात्रण माझ्या बाकावरच्या बोर्डाला टाचलं, कारण बोर्ड तिथेच होता. त्यात त्याचा फोटो होता. तीच रायफल, आडवी धरलेली, आणि अंगठा घोड्यावर.

बायकोला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने पोळ्या थांबवल्या आणि माझ्यासमोर येऊन बसली. "अहो, अॅक्सिडेंट होता तो. घसरला तो माणूस. तुम्ही काय केलंत त्यात?"

"तेच. काही केलं नाही."

"असं नाही हं बोलायचं. आणि तो घोडा नीटही असेल. तुम्ही उघडून पाहिलं होतंत का?"

तिने मला धीर द्यायला म्हटलं होतं, पण मी तेच धरून बसलो. उघडून पाहिलं नव्हतं ना? मग कदाचित खाच शाबूत असेल. खरंच मळ असेल. कदाचित त्याने घोडा पूर्ण मागे ओढलेला असेल. या एका 'कदाचित'वर मी दोन वर्षं काढली.

काढली म्हणजे कशी, ते माझं मला माहीत. मला ती पहिली 'टक' ऐकू यायला लागली. गाडीत बसून सीटबेल्ट लावला की टक. डब्याचं झाकण लावलं की टक. देवळात आरतीनंतर कुणीतरी पर्स बंद केली, टक. आणि प्रत्येक वेळी मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत थांबायचो. फोडणीसाठी बायको गॅसचा लायटर ओढायची, तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर जायचो. काम मात्र सुटलं नाही, उलट वाढलं. लिव्हरच्या रायफलींची हौस इतकी वाढली की दिवसाला दोन-दोन यायला लागल्या. तरणी पोरं यायची, डोळे चमकायचे, एकजण म्हणाला, हिची लिव्हर चालवताना जो आवाज होतो ना, त्यासाठीच घेतली. मी मान डोलावली. प्रत्येक रायफलीचा घोडा मी वीस-वीस वेळा दाबून बघायचो. मालक हसायचा. "अरे, झिजवशील!" बोर्डावरचा तो माणूस बघत असायचा. कात्रण पिवळं पडलं, पण ते काढायचा मला धीर झाला नाही. मधल्या नवमीला मी हत्यारं मांडली नाहीत. मांडली नाहीत म्हणूनही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, एक म्हातारी बाई पुठ्ठ्याचं लांबट खोकं घेऊन दुकानात आली. खोक्याला अजून पोलिसांची चिकटपट्टी होती. तिने बोर्डाकडे पाहिलं, क्षणभर थांबली, आणि मग मालकाला म्हणाली, "नातीला हवी आहे. आजोबांचीच हवी म्हणते, नवी नको. पुतण्या दोनदा विचारून गेला, विकतेस का म्हणून. हल्ली सगळ्यांनाच हवी झालीये ही."

"लिव्हरचं काम हा करतो," मालकाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि तो मागच्या खोलीत कॉफी करायला गेला.

ती माझ्या बाकासमोरच्या स्टुलावर बसली. मी पट्टी कापली. दोन वर्षं बंद राहून रायफलीवर गंजाचे ठिपके आले होते. गालाजवळची झिजलेली जागा मात्र तशीच होती. मी नळी तपासली.

"त्याच्यावर रागावलेय मी," ती अचानक म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "चव्वेचाळीस वर्षं सांगत होते त्याला, ओंडका ओलांडताना काडतूस काढत जा. घोडा अर्ध्यावर आहे ना, म्हणायचा. पोलीस म्हणाले, चापात फांदी अडकली असेल, नाहीतर त्याने घोडा पूर्ण ओढलेला असेल. थोडक्यात काय, निष्काळजीपणा. दोन वर्षं मी त्याच्याशी भांडतेय. मेलेल्या माणसाशी भांडण्यात काही राम नाही. तो उत्तरच देत नाही."

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. तोच, त्याच मुठीचा. दस्ता काढला, घोड्याचा स्क्रू काढला, घोडा हातात आला. दिव्याखाली धरला.

खाचेची कड अर्धी उडालेली होती. उडालेल्या जागेवर जुना काळा मळ चिकटला होता, म्हणजे ती काही त्या ओंडक्यावर आपटून तुटलेली नव्हती. त्या नवमीला मी रायफल उघडली असती तर मला हेच दिसलं असतं.

मी खोटं बोलणार नाही. पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. मालक आत होता. नवा घोडा बसवायचा, रायफल परत द्यायची. तिला कधी काही कळलं नसतं. ती त्याच्यावर रागावतच राहिली असती, एवढंच. चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसावर, त्याने न केलेल्या चुकीसाठी.

"त्यांची चूक नव्हती," मी म्हणालो.

मी तिला घोडा दाखवला. ही खाच, ही तुटलेली कड, यामुळे घोडा कधी थांबायचा, कधी निसटायचा. "ते अर्ध्यावर आहे म्हणायचे, ते खरंच होतं. त्यांनी अर्ध्यावरच ठेवला होता. यानेच दगा दिला."

तिने घोडा तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा एवढा सैल पडला की मला बघवेना. मग तिने विचारलं, "पण निघायच्या आदल्या दिवशी तो इथे येऊन गेला होता. दाखवलीये म्हणाला. चालेल म्हणालेत म्हणाला."

"मीच म्हणालो."

मग मी सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा घोडा निसटला, ते मला कळलं होतं. मळ आहे हे खोटं होतं. काडतूस ठेवू नका हे वाक्य तोंडात होतं, ते मी गिळलं. टॉवेल, आणि टॉवेलखाली काय होतं तेही. आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा करतात, त्या दिवशी त्यांना विश्रांती देतात, कुणी उचलत नाही. इंग्रजीत सांगताना ते फार लहान आणि विचित्र वाटत होतं. पण मी थांबलो नाही.

"मग त्याला तेच का नाही सांगितलंस?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तिला खरोखर कळत नव्हतं.

"लाज वाटली," मी म्हणालो. "तुम्ही लोक हसाल असं वाटलं."

ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर मका डोक्याएवढा झाला होता. आतून मालकाच्या कॉफीच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"घरी आल्यावर तो म्हणाला होता," ती म्हणाली, "की आज दुकानात चर्चसारखा वास येत होता. मी म्हटलं, तुझं नाक बिघडलंय." मग ती माझ्याकडे वळली. "माझा नवरा रविवारी बंदुकीला हात लावत नसे. सीझनचा पहिला दिवस रविवारी आला तरी नाही. बरोबरचे सगळे जंगलात जायचे आणि हा केबिनच्या पायरीवर बसून राहायचा. हसायचे त्याला. आयुष्यभर हसले. तू सांगितलं असतंस ना, तर तो एक दिवस थांबला असता. लाकडं काय, एक दिवस उशिरा फोडली असती."

मला रडू आलं. मी रडलो. तिने मला गप्प केलं नाही, पाठीवर हातबीत ठेवला नाही, आणि ते बरंच केलं. माझं आवरेपर्यंत ती घोडा हातात घेऊन बसून राहिली.

"दुरुस्त कर," शेवटी उठताना ती म्हणाली. "तुला काय म्हणायचं ते मला अजून माहीत नाही. कळलं की येऊन म्हणेन." मग तिने हात वर करून बोर्डावरचं कात्रण काढलं, टाचणी परत नीट खोचली आणि कात्रण घडी न घालता पर्समध्ये ठेवलं. पर्स बंद केल्याचा आवाज आला. मी दचकलो, ते तिने पाहिलं.

मालकालाही मी त्याच दिवशी सांगितलं. तो माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलला. काढून टाकेल असं वाटलं होतं, पण टाकलं नाही. मी नवा घोडा मागवला, खाच स्वतः दगडावर घासून बसवली आणि रायफल तयार केली. ती न्यायला म्हातारी एकटीच आली. मी जुना घोडा कागदात गुंडाळून रायफलीबरोबर ठेवला होता. तिने कागद उलगडला, बघितलं आणि पुडी माझ्या बाकावर परत ठेवली. "हा मला नको," म्हणाली. त्यानंतर ती आलेली नाही. काय म्हणायचं ते तिला अजून कळलं नसेल, किंवा कळलं असेल आणि मला सांगण्याची गरज तिला वाटली नसेल.

त्या वर्षी नवमीला मी बाकावर पुन्हा फडकं अंथरलं, तेच, भोक पडलेलं. हत्यारं मांडली, आणि शेवटी त्यांच्या ओळीत तो तुटका घोडाही ठेवला. मालक खुर्चीत पेपर वाचत होता. दुपारी घंटी वाजली. कामाच्या कपड्यांतला एक प्लंबर लिव्हरची रायफल घेऊन आला, स्क्रू ढिला झालाय म्हणाला, पाच मिनिटांचं काम. माझा हात टॉवेलकडे गेला होता. मी तो मागे घेतला.

"आज आमच्याकडे सण आहे," मी म्हणालो. "आज मी हत्यारं उचलत नाही. रायफल ठेवून जा. उद्या सकाळी पहिली तुमचीच करतो."

त्याने फडक्याकडे, झेंडूकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "मग उद्या येतो." आणि रायफल माझ्या हातात देऊन तो गेला. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही.